मधलं रिंगण

सोलापूरची पौषातली थंडी ही थंडी म्हणायच्या लायकीची नाही. पहाटे येते आणि चहा व्हायच्या आत निघून जाते. मग आपलं ऊन परत डोक्यावर येऊन बसतं. पण तेवढ्या घटकाभराच्या थंडीला आमच्याकडं एक वास असायचा. ओल्या मुरमाचा, चुलीतल्या राखेचा आणि विडीच्या तंबाखूचा. यंदा गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उभे राहिले, संध्याकाळी त्यांचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसायला लागले, तेव्हा मी सवयीनं नाक वर केलं. वास आला नाही. येणार कुठून? मुरूम गेला, चूल गेली, आणि तंबाखूच्या हाताची नीलव्वा दिवाळीच्या अलीकडं गेली.

नीलव्वा माझी बायको. अक्कलकोटच्या बाजूची, कानडी मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीत भांडता येत नव्हतं, एवढी एकच सोय मला सुरुवातीला मिळाली. ती पुढं टिकली नाही. मी कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो, ती दारात बसून विड्या वळायची. गिरणी बंद पडली, मी पॉवरलूमवर गेलो, ती तिथंच दारात बसून विड्याच वळत राहिली. शेवटी छातीत तंबाखू बसली, की नुसती धूळ बसली, डॉक्टरला नीट सांगता आलं नाही. विचारूनही काही फरक पडणार नव्हता.

गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या फुटबॉल क्लबाचं मैदान होतं. क्लब म्हणजे एक पत्र्याची खोली, दोन फाटक्या जाळ्या आणि पाळी सुटली की चेंडूमागं पळणारी आमच्यासारखी माणसं. मोठ्या स्पर्धेत आम्हाला कुणी बोलावलं नाही आणि आम्हीही कुणाच्या दारात जाऊन उभे राहिलो नाही. आसपासच्या पेठांच्या, वळसंगकडच्या एखाद्या गावाच्या टीमा यायच्या, खेळायच्या, भांडायच्या आणि आमच्या घरच्या शेंगापोळ्या खाऊन जायच्या. संक्रांत झाली, जत्रेतले नंदीध्वज आपापल्या जागी गेले, की येणाऱ्या रविवारी आमचा पहिला सामना. आमचं वर्ष तिथून सुरू व्हायचं, पाडव्यापासून नाही.

आता तिथं प्लॅस्टिकचं गवत आहे. चारी बाजूंनी हिरवी जाळी, वर दिवे. तासावर मिळतं. दारावर पाटी आहे, मैदानाचा विकास झाला असं लिहिलेली. झाला हे खरंच आहे. गुडघे फुटत नाहीत, धूळ उडत नाही, पावसात चिखल होत नाही. मी उगीच नावं ठेवणार नाही. मला त्या विकासाकडून एकच गोष्ट पाहिजे होती. मैदान उघडायच्या दिवशी मधल्या ठिपक्यावर चिमूटभर रांगोळी आणि बोटभर हळदी-कुंकू. तेवढं करू दिलं की माझं काही म्हणणं नव्हतं.

त्याला कारण आहे. ते सांगायचं तर चुन्यापासून सांगावं लागेल.

सामन्याच्या आधी मैदानातले दगड वेचायचे, अशी आमची रीत होती. घरटी एक माणूस. पावसाळ्यात त्या जमिनीतून दगड उगवायचे, दुसरं काही उगवायचं नाही. बायका घमेली घेऊन ओळीनं बसायच्या, वेलाच्या शेंगा तोडाव्यात तशा दगड उचलत पुढं सरकायच्या, आणि मराठी, कानडी, तेलुगू, दखनी अशा चार भाषांतून नवऱ्यांचा उद्धार करायच्या. भाषा येत नसली तरी आपलं नाव आलं की कळायचं. मग मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, दगडी रूळ ओढायचा. हे सगळं झालं की रेघा.

पहिल्या पहिल्यांदा रेघा आम्ही बाप्ये ओढायचो, चुन्यानं. एका साली कुणीतरी भट्टीवरून कळीचा चुना आणला आणि न विझवता तसाच कुटून ओतला. आमचा गोलकीपर कादरभाई घामानं ओला, त्यानं रेघेवर सूर मारला आणि उठला तो ओरडतच. गाल आणि कोपर भाजलं होतं. आम्ही सगळे भोवती उभे राहून एकमेकांना अक्कल शिकवत होतो. नीलव्वा पाण्याची घागर घेऊन आली होती. तिनं ती अख्खी घागर कादरभाईच्या डोक्यावर ओतली आणि आमच्याकडं वळली.

“घरात बाया रोज रेघा वडत्यात की. कदी कुणी भाजलंय का?”

कादरभाई गाल धरून म्हणाला, “भाभी, अगले साल से तुमीच खींचो. मेरेकू दूसरा गाल नक्को जलाने का.”

तेव्हापासून रेघा तिच्याकडं आल्या. रांगोळी एवढ्या मोठ्या मैदानाला पुरायची नाही, म्हणून तिच्यात घरोघरच्या चुलीतली राख चाळून मिसळायची. विडी वळणाऱ्या बाईच्या चिमटीत किती माल धरायचा आणि किती सोडायचा हे मुरलेलं असतं. ती रविवारी पहाटे, मुरूम दवानं ओला असताना सुरू करायची. पदर खोचलेला, डोक्याला माझा मफलर, काखेत टोपली. वाकून, मागं मागं सरकत जायची. रेघ तिच्या पुढं पुढं तयार व्हायची. मागं बघायची नाही. मी नुसता चालत असायचो बरोबर, कंदील घेऊन, आणि खड्डा आला तर सांगायचो. एवढंच माझं काम. खड्डा बहुतेक तिला माझ्याआधी कळायचा.

सगळ्यात शेवटी मधलं रिंगण. त्याला दोरी लागायची. ती मी वळून दिली होती, साच्यावरच्या टाकाऊ सुताला पीळ घालून. मधे खुंटी ठोकायची, दोरी बांधायची, दुसरं टोक हातात धरून ती फिरायची. सुताची दोरी, दर वर्षी थोडी ताणायची. त्यामुळं आमचं रिंगण दर वर्षी थोडं मोठं व्हायचं. बाहेरच्या टीमचा एक जण एकदा पट्टी घेऊन आला आणि म्हणाला, हे नियमात बसत नाही. नीलव्वा म्हणाली, “मग तुमी भाईर बसा.”

आणि रिंगण पुरं झालं की ती मधल्या ठिपक्यावर हळदी-कुंकू वाहायची. रांगोळी काढली आणि हळदी-कुंकू घातलं नाही, असं तिच्या हातून झालंच नसतं. त्यात देवधर्म फार नव्हता. भाजीत मीठ घालावं तसं होतं ते.

त्यातून जो घोटाळा झाला तो आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतो. बाहेरच्या माणसाला खरा वाटायचा नाही. सामना सुरू झाला, आणि आमच्यातल्या एकाचाही पाय त्या ठिपक्यावर पडेना. बूट घालून कुंकवावर पाय कसा द्यायचा? आमचा बसवराज तेव्हा पोरगेला होता, पुढं खेळायचा, वाऱ्यासारखा पळायचा. तो चेंडू घेऊन भरधाव यायचा आणि ठिपका आला की उडी मारायचा. चेंडू खालून आपला निघून जायचा. दुसरे वळसा घालून जायचे. पाहुण्या टीमला तासाभरात हे समजलं आणि ते मधूनच घुसायला लागले. किती गोल खाल्ले ते सांगत नाही. कादरभाई जाळीतून ओरडत होता, “अरे क्या देवी के मंदिर में आए क्या रे सब? पाँव रखो ना!” पण त्याच्याही पायानं, चेंडू आणायला पुढं आला तेव्हा, वळसाच घेतला. मी डोळ्यानं पाहिलं.

सामना हरल्यावर बसवराज तोंड पाडून आमच्या दारात आला.

“काकू, पुढच्या येळी कुंकू नगो की.”

“मग रेघाबी नगो,” नीलव्वा म्हणाली. हातातली विडी थांबली नाही.

“आवो काकू, पाय पडत न्हाय त्यावर.”

“ते बरंय की. तेवढं तरी वळण हाय तुमाला.”

तो हात जोडून उभाच राहिला. मग तिनं जरा विचार केला आणि तोड काढली. पुढच्या सामन्याला दोन्ही टीमा उभ्या राहिल्या, पंचानं शिट्टी तोंडात धरली, आणि नीलव्वा तिच्या इरकली लुगड्यात, सरळ मैदानाच्या मधोमध चालत गेली. वाकली, पदराच्या टोकानं ते हळदी-कुंकू पुसून घेतलं, पदर कपाळाला लावला आणि म्हणाली, “हं, खेळा आता.” मग शिट्टी झाली.

तीच रीत पडली. इतकी वर्षं पडली की नवीन पंच आला तर त्याला आधी सांगून ठेवायला लागायचं. नीलव्वाचा पदर फिरल्याशिवाय आमचा खेळ सुरू झाला नाही. तिच्या इरकलाच्या पदराला एक कोपरा कायम पिवळा-तांबडा असायचा, कितीही धुतला तरी जायचा नाही. धुणारा मीच असायचो पुढं पुढं, म्हणून माहीत आहे.

गेल्या साली तिला दम लागायला लागला होता. पायरी चढली तरी भिंतीला टेकायची. मी म्हटलं, या साली राहू दे, पोरं चुना मारतील, आता चांगला मिळतो. रविवारी पहाटे जाग आली तर ही मफलर बांधून बसलेली. रिक्षात घालून नेली. आडव्या-उभ्या रेघा दुसऱ्या बायकांनी ओढल्या, तिनं खुर्चीत बसून चुका काढल्या. रिंगण मात्र कुणाला देईना. शेवटी आम्ही खुर्ची मधोमध ठेवली, ती तिथं दोरीचं टोक मुठीत धरून बसली, आणि दुसरं टोक घेऊन मी फिरलो. खुंटीच्या जागी ती. माझ्या हातून रांगोळी कुठं ढीगभर, कुठं काहीच नाही.

“वडून धरा,” ती म्हणत होती. “सैल सोडलं की अंडं हुतंय.”

“वडलं तर तू खुर्चीतनं पडशील की.”

“पडू दे. तुमी वडा.”

मी ओढून धरली. दोरीतून तिचा खोकला माझ्या हाताला कळत होता. अर्धा फेरा झाला तेव्हा सूर्य गिरणीच्या धुराड्याच्या बाजूनं वर आला आणि ती डोळे बारीक करून माझ्याकडं बघत बसली. जिकडं मी जाईन तिकडं मान फिरवत. माझ्या आयुष्यात तिनं माझ्याकडं एवढा वेळ सलग कधी बघितलं असेल असं वाटत नाही. दुपारी इरकल नेसून, दोघींच्या आधारानं गेली आणि पदर फिरवला. तो शेवटचा.

उन्हाळ्यात मशीन आलं. जागा कुणाची, कागद कुणाच्या नावावर, क्लबाचा वाटा किती, ह्या भानगडी मला कळल्या नाहीत आणि कुणी समजावूनही सांगितल्या नाहीत. बसवराज आता क्लबाचा अध्यक्ष आहे. पोट सुटलंय, माणूस वाईट नाही. मशीननं आमचा मुरूम खरवडून ढीग घातला आणि ट्रकनं नेला. कितीतरी वर्षांचे रूळ फिरवलेले, पाणी मारलेलं, ते एका दिवसात गेलं. मी घरी येऊन नीलव्वाला सांगितलं, आता तिथं गवत होणार.

“गवत? हितं? पाणी कोण घालणार?”

“पलॅस्टिकचं हाय.”

“मग शेरडं काय खातील?” असं म्हणून तिला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. खोकला थांबल्यावर विचारलं, “आन रेघा?”

“रेघा गवतातच इणून येत्यात म्हनं.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “साकु.” कानडीत साकु म्हणजे पुरे. जेवताना वाढणाऱ्याला म्हणायची तसं. उशाखालची दोरी काढली, हातावर गुंडाळली आणि माझ्याकडं दिली. पलंगाखालच्या पेटीत ठेवा, म्हणाली. मी ठेवली. मला तेव्हा ते साधंच वाटलं.

ती गेली तेव्हा ते इरकल आम्ही तिच्याबरोबरच दिलं, मातीत. आमच्यात पुरतात. सुनेनं विचारलं होतं, मामा, आठवण म्हणून ठेवायचं का. मी म्हटलं, तिचं आहे, तिला दे. तेव्हा हिशोब आला नाही माझ्या डोक्यात, की पदर गेला.

तर पौष लागला. बसवराजला घरी जाऊन भेटलो. म्हटलं, संक्रांतीनंतरच्या रविवारी मैदान उघडताय, तर मधल्या ठिपक्यावर चिमूटभर रांगोळी आणि कुंकू मी घालतो. पुसायला कुणीही चालेल. तुझी बायको पुसू दे. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

“काका, हे सांगायला लागतंय का मला? काकूंच्या कुंकवावरनं उड्या मारलेला माणूस हाय मी. ते माझ्यावर सोडा.”

मी सोडलं.

रविवारी धुतलेला सदरा घालून, एका पुडीत रांगोळी आणि एका पुडीत हळदी-कुंकू घेऊन गेलो. मांडव होता, लाऊडस्पीकर होता, पाहुणे यायचे होते. जाळीच्या दारात टी-शर्टातला एक तरुण उभा होता, देखरेखीवरचा. नम्र पोरगा होता, मी खोटं बोलणार नाही. त्यानं विचारलं, आजोबा, हातात काय आहे? मी सांगितलं. तो म्हणाला, “रांगोळी आत नाही चालणार, आजोबा. ती दगडाची पूड असते, गवतात बसते, पाणी लागलं की घट्ट होते. कंपनी मग वॉरंटी देत नाही.”

“आरं, चिमूटभर.”

“चिमूटभरसुद्धा नाही. नारळसुद्धा बाहेर रस्त्यावर फोडायचा आहे.”

मी बसवराजला हाक मारली. तो पाहुण्यांसाठी हार मोजत होता. आला, त्या पोराशी बाजूला जाऊन बोलला, परत आला तेव्हा माझ्या डोळ्यांत बघेना.

“काका, वॉरंटीचा परश्न हाय. मला वाटलं नव्हतं असं काय निघंल.”

“बरं,” मी म्हटलं.

“आपण दारात घालू की. हितं, पाटीखाली. काकूंच्या नावानं.”

“दारात कुणी खेळत न्हाय, बसू.”

लाऊडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं, तसा तो गेला. नारळ रस्त्यावर फुटला, पाणी डांबरावर सांडलं, टाळ्या झाल्या. आत रंगीत कपड्यांतल्या दोन टीमा उभ्या होत्या. मधलं रिंगण मी जाळीतून बघितलं. पांढरं, एकसारखं, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. आमच्यापेक्षा लहान होतं. नियमात बसत असणार. मी वाट बघत होतो. कशाची ते मला नीट सांगता येणार नाही. शिट्टी झाली. एका पोराचा बूट सरळ ठिपक्यावर पडला आणि चेंडू सुटला. त्या पोराला काय माहीत, त्याचा काही दोष नाही.

कादरभाई शेजारी येऊन उभा होता. गालावरचा तो भाजल्याचा डाग आता सुरकुत्यांत मिसळलाय. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्याला आतलं फारसं दिसत नव्हतं.

“भाभी का हुआ क्या रे?” त्यानं विचारलं.

“नाही झालं.”

“और शुरू कर दिए?”

“व्हय.”

तो जाळीला कपाळ लावून थोडा वेळ राहिला. मग म्हणाला, “चल मल्लप्पा, चाय पीते.” चहा प्यालो. क्लबाच्या पोरांना आता रविवारी सकाळी एक तास मिळणार आहे, असं टपरीवर कुणीतरी सांगत होतं. म्हणजे आमच्याच मैदानात आम्ही वेळ मागून जायचं. तेही किती दिवस मिळेल, त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. ती तेवढीच थंडी होती. पेटीतून दोरी काढली, दारापुढं पाणी मारलं. गल्लीत रिंगण मावणार नाही हे मला कळत होतं, मी काही वेडा नाही. गल्लीच्या मधोमध खुंटी ठोकली तर दोन्ही बाजूंना लोकांची घरं. म्हणून दोरी मागच्या खोलीत तिच्या पलंगाच्या पायाला बांधली. तिथून मधलं दार, पुढची खोली, उंबरा, असं करत टोक घेऊन गल्लीत आलो. दोरी बरोबर गटारीच्या अलीकडं संपली. मग पुडीतली रांगोळी चिमटीत घेतली आणि ओढून धरून फिरायला लागलो.

दोन-तीन पावलं गेलो असेन, दोरी दाराच्या चौकटीला अडली. दुसऱ्या बाजूनं फिरलो, तिकडंही अडली. चौकट जेवढं देईल तेवढंच रिंगण गल्लीत उमटलं. जरा वाकलेली एक रेघ, दोन्ही बाजूंना उघडी.

समोरची पद्मा पाणी भरायला बाहेर आली. विणकराची सून, नीलव्वाजवळ बसून विड्या वळायला शिकलेली. घागर कमरेवर घेऊन बघत राहिली.

“बाबा, ही काय रांगोळी हो? अर्धवट सोडली तुमी.”

“रिंगण हाय.”

“कुटं हाय रिंगण? मला तर रेघच दिसतेय.”

“बाकीचं घरात हाय, भिंतीमागं.”

तिनं आत वाकून पाहिलं. दोरी पाहिली, पलंग पाहिला. मग घागर न भरताच घरात गेली.

उजाडल्यावर एक सायकल त्या रेघेवरून गेली, मग सुताचे बंडल घेऊन टेम्पो गेला. दुपारपर्यंत काही राहिलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मैदानातली रेघ तरी कुठं संध्याकाळच्या पुढं टिकायची.

पण रिंगण काढलं म्हणून मी सवयीनं मधे हळदी-कुंकू घातलं होतं, पलंगाच्या पायाशी, दोरी बांधली होती तिथं. ते तसंच आहे. झाडताना मी केरसुणी तिथून वळवून घेतो. पाणी प्यायला उठलो तरी तिथून जाताना पाय आपोआप बाजूला पडतो. बसवराजसारखी उडी मारायचं वय नाही माझं. मी वळसा घालून जातो.